धुतलेले इंजिन आणि मळलेले पाणी



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी वाहनदुरुस्तीच्या गॅरेजविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गॅरेजशी संबंध येत नाही असे घर आज गावात शोधूनही सापडणार नाही. कोणाच्या दारात स्कूटर आहे, कोणाच्या दुकानाचा टेम्पो आहे, कोणाचा वाहतुकीचा व्यवसाय आहे, कोणाचे सुट्या भागांचे दुकान आहे, तर कोणाची जागा गॅरेजला भाड्याने दिलेली आहे. वाहन दुरुस्त होऊन येते, बिल चुकते होते आणि व्यवहार संपला असे सर्वजण समजतात. वस्तुतः त्या व्यवहारातील एक रक्कम बिलात कधीच लिहिली जात नाही. ती रक्कम किती आणि ती कोण भरतो, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कोणत्याही लहान गॅरेजमध्ये संध्याकाळच्या सुमारास गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल ओतलेले असते. हाताखालचा मुलगा उघड्या हातांनी, ब्रश घेऊन, चेन, बेअरिंग, गिअर, ब्रेकचे ड्रम धूत बसलेला असतो. ट्रेमधील द्रव प्रथम पिवळसर, मग तपकिरी आणि अखेरीस काळा होतो. दिवस संपला की तो ट्रे मागील अंगणातल्या मातीवर, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी किंवा सरळ गटारात उपडा केला जातो. दुसऱ्या दिवशी नवे पेट्रोल ओतले जाते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ‘हे पुढे कुठे जाते?’ हा प्रश्न तेथे कोणी विचारलेला नसतो, इतकेच.

द्रावक म्हणजे काय?

ग्रीस आणि ऑइल पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना विरघळवून सोडविणाऱ्या द्रवास रसायनशास्त्रात द्रावक म्हणतात. बाजारात त्यालाच सॉल्व्हंट हे नाव रूढ आहे. गॅरेजमधील द्रावकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग खनिज तेलापासून निघालेल्या द्रवांचा : पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि मिनरल टर्पेंटाइन. दुसरा वर्ग डेंटिंग-पेंटिंगच्या कामातील थिनरचा. यात टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन अशा पदार्थांची मिश्रणे येतात. तिसरा वर्ग क्लोरीनयुक्त द्रावकांचा : ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन, मिथिलीन क्लोराइड इत्यादी. यांपैकी परक्लोरोएथिलीन हे नाव कापडाच्या व्यवसायात अपरिचित नाही. ड्राय-क्लीनिंगच्या यंत्रात अनेक दशके तेच वापरले गेले आहे. लोकरी कोटावरील तुपाचा डाग काढणारा द्रव ब्रेकच्या ड्रमवरील ग्रीसही तितक्याच सहजतेने काढतो.

द्रावकाचा जो गुण, तोच त्याचा दोष आहे. जो द्रव यंत्रावरील स्निग्ध थर विरघळवितो, तो माणसाच्या त्वचेतील स्निग्धांशही विरघळवितो. मेकॅनिकच्या हातांना पडणाऱ्या भेगा केवळ कष्टाच्या नसतात. त्यातील पुष्कळशा द्रावकाच्या असतात. त्याची वाफ श्वासावाटे रक्तात जाते व मेंदू आणि मज्जातंतूंवर परिणाम करते. बंद जागेत काम करणाऱ्यास संध्याकाळी डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे हा अनुभव येतो आणि तो ‘दिवसभराचा शीण’ म्हणून सोडून दिला जातो. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचा घटक असतो. भारतातील बीएस-६ मानकानुसार त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. मानवात कर्करोग घडविणारा म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांच्या वर्गात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनचा समावेश केलेला आहे आणि २०१२ मध्ये ट्रायक्लोरोएथिलीनही त्याच वर्गात आले. शिवाय पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते. म्हणजे थंडीच्या दिवसांतही ती निर्धोक नसते. पेट्रोल हे जाळण्यासाठी तयार केलेले इंधन आहे, हात बुडविण्यासाठी तयार केलेले नाही, ही साधी गोष्ट सवयीमुळे विसरली गेली आहे.

ओतलेले जाते कुठे?

ओतलेल्या द्रावकापुढे तीन वाटा असतात : हवा, गटार आणि जमीन. ‘उडून गेले म्हणजे संपले’ हा एक मोठा गैरसमज आहे. द्रावकाची वाफ हवेतच राहते आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर, सूर्यप्रकाशात, जमिनीलगत ओझोन वायू तयार करण्यास हातभार लावते. हा ओझोन फुप्फुसांना अपायकारक असतो. गटारात गेलेले द्रावक नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते.

जमिनीत मुरलेल्या द्रावकाची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. पेट्रोल व रॉकेल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पृष्ठभागावर पसरतात. क्लोरीनयुक्त द्रावके पाण्याहून जड असतात. परक्लोरोएथिलीन तर पाण्याच्या सुमारे १.६ पट जड आहे. ते भूजलाच्या तळाकडे उतरत जाते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाण्यात विरघळत राहते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग बेसाल्टच्या काळ्या कातळाचा आहे. या कातळातील भूजल भेगांमधून आणि फटींमधून वाहते. एखादी भेग कोणत्या दिशेस आणि कोणाच्या विहिरीकडे जाते, हे वरून पाहणाऱ्यास कळत नाही.

प्रमाणाची कल्पना येण्यासाठी एक साधा हिशेब पाहू. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात परक्लोरोएथिलीनची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरविलेली आहे. एक लिटर परक्लोरोएथिलीनचे वजन सुमारे १,६२० ग्रॅम भरते. हे एक लिटर पाण्यात सारखे मिसळले गेले असे धरल्यास ३२ कोटी लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजावयाचे झाल्यास ते बत्तीस हजारांहून अधिक टँकर होतात. प्रत्यक्षात द्रावक इतके एकसारखे पसरत नाही. परंतु एका बाटलीचे सामर्थ्य किती असते, हे यावरून ध्यानात येईल.

घरोघरी पाणी गाळून घेण्याची जुनी शिस्त आहे. दुहेरी घडीच्या सुती कापडात केरकचरा अडतो, बारीक जीव अडतात. परंतु पाण्यात विरघळलेला द्रावक कोणत्याही विणीत अडत नाही. कापड कितीही गच्च विणीचे असले तरी तो आरपार जातो. असे पाणी गाळण्याच्या जागी शुद्ध करता येत नाही. ते मळण्याच्या जागीच वाचवावे लागते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्यून नावाचा लष्करी तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तेथील पिण्याच्या पाण्यात द्रावके मिसळलेली होती. एका जलपुरवठ्यातील दूषितता तळाबाहेरील एका ड्राय-क्लीनिंगच्या दुकानातून आलेली होती. दुसऱ्यातील दूषितता तळावरच्या औद्योगिक विभागातील सांडलवंड, गळक्या भूमिगत टाक्या आणि कचरा पुरण्याच्या जागा यांतून आलेली होती. १९८२ मध्ये घेतलेल्या एका नमुन्यात ट्रायक्लोरोएथिलीनचे प्रमाण लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅम आढळले; नंतर ठरलेल्या मर्यादेच्या ते २८० पट होते. सर्वाधिक दूषित विहिरी १९८५ च्या सुमारास बंद करण्यात आल्या. तोवर सुमारे दहा लाख सैनिक, कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय त्या पाण्याच्या संपर्कात आले असावेत, असा अंदाज आहे. त्यांना नुकसानभरपाईचा दावा करण्याची मुभा देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. विहिरी बंद झाल्यापासून कायदा होईपर्यंत सदतीस वर्षे लोटली.

कॅलिफोर्नियाचा धडा

आता पाण्याकडून हवेकडे आणि प्रत्यक्ष गॅरेजकडे वळू. अमेरिकेच्याच कॅलिफोर्निया राज्यात घडलेली एक हकिकत या विषयात विशेष बोधप्रद आहे. तेथील गॅरेजांत ब्रेक साफ करण्यासाठी फवाऱ्याचे डबे सर्रास वापरले जात. त्यांत पूर्वी प्रामुख्याने क्लोरीनयुक्त द्रावके असत. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या घातकतेविषयी ओरड होऊ लागली, तेव्हा बाजारात ‘क्लोरीनविरहित’ डबे वाढले. त्यांपैकी कित्येकांत हेक्झेन हे द्रावक मोठ्या प्रमाणात होते आणि त्याच्या जोडीला अ‍ॅसिटोनसारखे पदार्थही असत. क्लोरीन नाही, म्हणजे नवा डबा सुरक्षित, अशी काम करणाऱ्यांची सहज समजूत झाली.

काही काळाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील चोवीस वर्षांच्या एका तंत्रज्ञास हातापायांना मुंग्या येऊ लागल्या आणि बधिरपणा वाढू लागला. तो रोज अशा डब्यांचा फवारा वापरीत असे. राज्याच्या आरोग्य विभागाने शोध घेतला तेव्हा अशाच कामातील आणखी रुग्ण आढळले. १९९९-२००० मधील या रुग्णांचा वृत्तान्त अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात नोव्हेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरात गेलेल्या हेक्झेनचे रूपांतर एका अशा पदार्थात होते, की जो लांब मज्जातंतूंना इजा करतो. म्हणून आधी पाय आणि हात बधिर होतात. त्याच डब्यातील अ‍ॅसिटोन ही इजा अधिक तीव्र करते. काम सोडल्यानंतरही काही काळ त्रास वाढतच जातो आणि मग सुधारणा अत्यंत सावकाश होते.

हेक्झेनचा हा दोष तेव्हा नव्याने कळला असे नव्हे. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये चपला चिकटविण्याचे घरगुती काम करणाऱ्या कामगारांत हाच विकार आढळलेला होता. त्यांच्या चिकटद्रव्यात हेक्झेन असे. चपला करणाऱ्यांनी ज्याची किंमत मोजली, ते ज्ञान तीस वर्षांनंतरही ब्रेक धुणाऱ्यांपर्यंत पोचलेले नव्हते. कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने २००० मध्ये वाहनदुरुस्तीतील सफाईच्या उत्पादनांत परक्लोरोएथिलीन, ट्रायक्लोरोएथिलीन आणि मिथिलीन क्लोराइड यांना मनाई करणारा नियम केला व तो २००१ पासून अमलात आला. नियम योग्यच होता. परंतु क्लोरीनला मनाई केल्याने हेक्झेन निर्दोष ठरत नव्हते.

या हकिकतीचे तात्पर्य असे, की एका विषाची जागा दुसऱ्यास देणे म्हणजे विष कमी करणे नव्हे. डब्यावरील नाव बदलले, वास बदलला, जाहिरात बदलली. हात मात्र तेच आणि फवारा तेवढाच राहिला. म्हणून ‘याऐवजी कोणते द्रावक वापरावे?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘मुळात द्रावक किती लागते?’ हा पहिला.

कायद्याने सांगितलेला क्रम

भारत सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या घातक कचऱ्याच्या नियमांतही हाच क्रम आहे. कचऱ्याचे व्यवस्थापन कोणत्या पायऱ्यांनी करावे, हे तेथे सांगितले आहे : प्रथम कचरा होऊच न देणे, मग कमी करणे, मग पुन्हा वापरणे, मग पुनर्चक्रीकरण व पुनर्प्राप्ती, आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट. वापरून झालेले द्रावक, वापरलेले ऑइल, दूषित चिंध्या व रिकामे डबे-पिंपे यांची नोंद त्या नियमांच्या परिशिष्टात आहे. असा कचरा सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांहून अधिक काळ साठवू नये, असेही बंधन आहे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामाईक केंद्रे उभी आहेत. परंतु ही केंद्रे शेवटच्या पायरीवरील आहेत. व्यवहारात विचार नेमका तेथूनच सुरू होतो आणि पहिल्या दोन पायऱ्या रिकाम्या राहतात.

व्यापारी दृष्टीने पाहिल्यास पहिल्या पायरीवरच नफा आहे. उदाहरणादाखल, एखाद्या गॅरेजमध्ये रोज दोन लिटर पेट्रोल धुण्यासाठी जाते असे धरू. वर्षाचे तीनशे दिवस म्हणजे सहाशे लिटर झाले. लिटरचा भाव शंभर रुपये धरल्यास साठ हजार रुपये मातीत ओतले गेले. तोच द्रव नीट वापरून तीन दिवस पुरविला, तर दोनशे लिटरांत काम भागते आणि चाळीस हजार रुपये शिल्लक राहतात. शिवाय ओतावयाचा कचरा एक तृतीयांश होतो. जो मालक कपाटातील प्रत्येक नटबोल्टचा हिशेब ठेवतो, तो ट्रेमधील द्रवाचा हिशेब ठेवीत नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

कमी करण्याचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे धुण्यापूर्वी खरवडणे. सुट्या भागावरील ग्रीस व चिखलाचा जाड थर पट्टीने किंवा तारेच्या ब्रशने आधी काढला, की द्रावकाचे काम निम्म्यावर येते. अपवाद ब्रेकचा. ब्रेक लायनिंगची धूळ कोरडी झाडू नये अथवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण ती फुप्फुसात जाते. ती ओलीच काढावी. कोणता भाग धुणे खरोखर आवश्यक आहे आणि कोणता केवळ चकाकी यावी म्हणून धुतला जातो, हेही आधी ठरवावे.

दुसरा मार्ग दोन ट्रेंचा. पहिल्या ट्रेमध्ये आधी वापरलेला, मळका द्रव ठेवावा, दुसऱ्यात स्वच्छ. प्रत्येक भाग प्रथम मळक्या द्रवात धुऊन, निथळवून, मग स्वच्छ द्रवात विसळावा. बहुतेक मळ पहिल्याच ट्रेमध्ये राहतो आणि दुसरा द्रव दीर्घकाळ टिकतो. दुसरा मळला की तो पहिल्याच्या जागी यावा. जुना झालेला पहिला उंच डब्यात रात्रभर स्थिर ठेवल्यास गाळ तळाशी बसतो व वरचा बराचसा द्रव पुन्हा उपयोगी पडतो. द्रव ‘काळा झाला’ म्हणून बदलू नये. तो ग्रीस काढीनासा झाला म्हणजेच बदलावा. गृहिणी भांडी घासताना एका पातेल्यात खळबळून दुसऱ्यात विसळते, त्याहून यात वेगळे काही नाही.

तिसरा मार्ग झाकणाचा. उघड्या ट्रेमधून द्रावक दिवसभर उडत असते. काम नसताना झाकण ठेवणे, धुतलेला भाग ट्रेवरील जाळीवर काही मिनिटे निथळत ठेवणे आणि द्रव नळकांड्याने ओतणे, एवढ्याने होणारी बचत लक्षणीय असते. रंगकामात लागेल तेवढाच रंग कालवावा. स्प्रे गन उघड्या हवेत थिनर फवारून धुण्याऐवजी बंद डब्यात धुवावी आणि त्या थिनरचा गाळ खाली बसू देऊन वरचे थिनर पुढील वेळच्या पहिल्या धुण्यासाठी राखून ठेवावे. मात्र थिनर किंवा पेट्रोल तापवून ऊर्ध्वपातन करण्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये. त्यातून आगीचाच संभव अधिक.

चौथा आणि सर्वांत मोठा मार्ग पाण्याचा. ग्रीस पाण्यात विरघळत नाही हे खरे. परंतु कोमट पाणी, योग्य साबणद्रव्य आणि ब्रशची घासणी यांपुढे ते सुटून येते. लॉस एंजेलिसच्या परिसरात वायुप्रदूषणाचे नियम कडक झाल्यानंतर, १९९९ च्या सुमारास, अनेक गॅरेजांनी सुटे भाग धुण्यासाठी पाण्यावर आधारित यंत्रे स्वीकारली. ब्रेक धुण्यासाठीही पाण्याचीच पद्धत सुचविली गेली. तिचा एक अधिक लाभ असा, की लायनिंगची धूळ ओली होऊन खालीच राहते.

या पद्धतीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. वेळ थोडा अधिक लागतो. लोखंडी भाग लगेच कोरडा न केल्यास गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना तीव्र अल्कली चालत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, पाणी आहे म्हणून ते गटारात सोडून चालत नाही. त्यात ऑइल आणि धातूंचे कण उतरलेले असतात. वर तरंगणारे ऑइल काढून घेतल्यास तेच पाणी बराच काळ चालते. परंतु अखेरीस उरणारा गाळ हा घातक कचराच समजून वेगळा ठेवावा लागतो. तरीही हिशेब स्पष्ट आहे : आगीचे भय गेले, वाफ गेली आणि कचरा ट्रेवरून तळाच्या गाळावर आला.

एका पिंपाची किंमत

कमी करण्याइतकेच महत्त्व न मिसळण्यास आहे. इंजिनमधून काढलेले जुने ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरात आणता येते. त्याला मोल आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकणारे नियम भारतात लागू झाले आहेत. परंतु त्याच पिंपात कोणी ब्रेक क्लीनर किंवा थिनर ओतले, की सारे पिंप बिघडते. अमेरिकेतील नियमानुसार जुन्या ऑइलमध्ये क्लोरीनसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत एक हजाराहून अधिक आढळल्यास त्यात घातक द्रावक मिसळले आहे, असे गृहीत धरले जाते. दोनशे लिटरच्या पिंपात ही मर्यादा गाठण्यास परक्लोरोएथिलीन किती लागते? हिशेब केल्यास सुमारे सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक पेला. एका पेल्याने दोनशे लिटरचा माल कचरा होतो. म्हणून जुने ऑइल, मळके रॉकेल, थिनर आणि क्लोरीनयुक्त द्रव यांची भांडी निरनिराळी असावीत व प्रत्येकावर ठळक मराठीत नाव लिहिलेले असावे.

चिंध्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण त्यांचा उगम कापडाच्याच धंद्यात आहे. कात्रणे आणि बनियन वेस्ट यांचे गठ्ठे गॅरेजकडे जातात. सुती कापड आपल्या अंगी पुष्कळ द्रव धरून ठेवते. द्रावकात भिजलेली चिंधी उन्हात वाळविली म्हणजे ती स्वच्छ झाली, असे नव्हे. तिच्यातील द्रावक हवेत गेले एवढेच. कोपऱ्यात साचलेला असा ढीग एका ठिणगीने पेटतो. चिंधी पिळून द्रव परत ट्रेमध्ये घ्यावा, चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि त्या घरगुती कचऱ्यात टाकू नयेत अथवा शेकोटीत जाळू नयेत.

लहान गॅरेजची खरी अडचण

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. रस्त्यावरील मिस्त्रीने एवढे सारे करावे कसे? त्याच्याजवळ जागा नाही, भांडवल नाही आणि त्याच्या एका डब्यासाठी तळोज्याहून गाडी येणार नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिल्या पायरीचे महत्त्व अधिक आहे. कारण खरवडणी, दोन ट्रे, झाकण आणि वेगळी भांडी यांना भांडवल लागत नाही. उरलेल्या कचऱ्यासाठी मात्र एकट्याने भागणार नाही. एका पेठेतील गॅरेजमालकांच्या संघटनेने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची रीतसर परवानगी घेऊन ठरावीक दिवशी एकत्रित उचल करविली, तर खर्च वाटला जातो. व्यापाऱ्यांनी मालाच्या वाहतुकीसाठी असा मेळ वर्षानुवर्षे घातलेला आहे. कचऱ्यासाठी तो घालता येणार नाही, असे म्हणण्यास कारण दिसत नाही. भंगारवाल्यास काळे तेल विकणे सोपे असते. पण ते पुढे कोठे जळते वा ओतले जाते, याची खात्री विकणाऱ्यास नसते.

हातांचे रक्षण हा या साऱ्याचाच भाग आहे. पेट्रोल-रॉकेलच्या कामात नायट्राइलचे हातमोजे टिकतात. साध्या रबराचे फुगून निकामी होतात. हात पेट्रोलने नव्हे, तर साबणाने धुवावेत. काम उघड्या, वारा खेळत्या जागी करावे. हेक्झेनचे डबे टाळावेत आणि डब्यावरील घटकांची यादी वाचण्याची सवय मालकाने स्वतःस लावावी, कारण हाताखालचा मुलगा ती वाचणार नाही.

बिलातील न लिहिलेली रक्कम

उपस्थितांपैकी गॅरेज चालविणारे थोडे असतील; गॅरेजकडे जाणारे सर्वच आहेत. त्यांच्या हाती बरेच काही आहे. वाहन परत घेताना ‘इंजिन चकाचक का नाही?’ असे विचारणारा ग्राहकच अनावश्यक धुण्याची मागणी निर्माण करतो. त्याऐवजी ‘धुतलेले काळे तेल कुठे टाकता?’ असा प्रश्न चार ग्राहकांनी विचारला, तर त्याचे उत्तर तयार ठेवणे मालकास भाग पडेल. ज्यांच्या मालकीची जागा गॅरेजला दिलेली आहे, त्यांनी भाडेकरारात एक ओळ वाढवावी : जमिनीवर वा गटारात कोणताही द्रव ओतू नये. उद्या गॅरेज हलेल, पण जमीन आणि तिच्याखालचे पाणी जागामालकाकडेच राहील. ज्यांचे दहा-वीस ट्रक आहेत, त्यांनी वर्षाचे काम देताना दोन ट्रे आणि पाण्याच्या धुण्याची अट घालावी आणि त्यासाठी चार पैसे अधिक द्यावे लागले तर ते द्यावेत.

कारण ते चार पैसे आजही कोणी तरी भरतच आहे. ते त्या ट्रेपाशी बसलेल्या मुलाच्या बोटांतून वसूल होतात. ते शेजारच्या विहिरीतून वसूल होतात आणि पुढील पिढीच्या पाण्याच्या टँकरमधून वसूल होतील. धुलाई स्वस्त पडते, ती खर्च दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला जातो म्हणून. हिशेबास पक्का असलेला माणूस दुसऱ्याच्या खात्यावर आपला खर्च टाकीत नाही. एवढी एक गोष्ट पटली, तर उपाय फार अवघड नाहीत. त्यातला पहिला उद्या सकाळीच करता येईल : ट्रे उपडा करण्यापूर्वी तो थांबवावा, त्यावर झाकण ठेवावे आणि त्यातला द्रव आणखी एक दिवस वापरावा.